मूत्रपिंड लहान, की माणूस लहान? अंगमापावरचा अंदाज आणि सोनोग्राफीचा आकडा

पोटाच्या सोनोग्राफीचा अहवाल हाती आला की नजर आधी आकड्यांवर जाते. ‘उजवे मूत्रपिंड ९.१ × ४.० सेंटीमीटर, डावे ९.४ × ४.३ सेंटीमीटर’ अशा धाटणीची एक ओळ त्यात असतेच. घरातील कोणीतरी मोबाइलवर शोध घेतो, प्रौढ माणसाच्या मूत्रपिंडाची लांबी १० ते १२ सेंटीमीटर असते असे उत्तर मिळते आणि ‘किडनी आक्रसली’ ही वार्ता संध्याकाळपर्यंत नातेवाइकांत पसरते. ज्यांचा हा अहवाल असतो त्या बाईंची उंची १४८ सेंटीमीटर आणि वजन ४५ किलो असते, ही गोष्ट मात्र कोणी विचारात घेत नाही. याच्या नेमके उलटही घडते. अहवालात ११ सेंटीमीटर पाहून सुटकेचा नि:श्वास टाकला जातो आणि आत मधुमेहाने मूत्रपिंडाचे नुकसान चालूच राहते.

मूत्रपिंडाच्या मापाला स्वत:चा असा अर्थ फार थोडा आहे. तो अर्थ येतो तुलनेतून. या शरीराला किती मोठे मूत्रपिंड अपेक्षित आहे आणि प्रतिमेत प्रत्यक्षात किती मोठे दिसते, या दोन आकड्यांमधील अंतर डॉक्टरांना काही सांगते. पहिला आकडा उंची, वजन, वय यांवरून काढलेला अंदाज असतो; दुसरा सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआय यांनी केलेली मोजणी. दोन्हींत चुका शिरतात. त्या कोठे शिरतात हे ठाऊक असल्यास अहवाल वाचणे पुष्कळ सोपे होते.

मुठीएवढे म्हणजे किती?

शालेय पुस्तकांत मूत्रपिंडाला घेवड्याच्या बीची उपमा दिलेली असते. गोव्यातील मुलांना काजूची बी दाखवली तरी चालेल. मापासाठी ‘आपल्या मुठीएवढे’ असे सांगण्याची पद्धत आहे. ही उपमा दिसते तितकी भाबडी नाही, कारण तिच्यात मोजण्याचे परिमाण ज्याचे त्याच्याच शरीरातून घेतले आहे. मोठ्या माणसाची मूठ मोठी, त्याचे मूत्रपिंडही मोठे. वैद्यकाने पुढे जे केले ते याच विचाराला आकड्यांत बसवण्याचे काम होय.

प्रौढांत मूत्रपिंडाची लांबी साधारण १० ते १२ सेंटीमीटर, रुंदी ५ ते ७ आणि जाडी सुमारे ३ सेंटीमीटर असे पाठ्यपुस्तके सांगतात. एका मूत्रपिंडाचे वजन पुरुषांत १२५ ते १७० ग्रॅम, स्त्रियांत ११५ ते १५५ ग्रॅम असते. डावे मूत्रपिंड बहुधा उजव्यापेक्षा थोडे लांब असते. दोघांत दीड सेंटीमीटरपेक्षा अधिक फरक दिसला, तर त्याचे कारण शोधावे असा संकेत आहे. एका बाजूची रक्तवाहिनी अरुंद झाल्याने ते मूत्रपिंड आक्रसलेले असू शकते, किंवा लहानपणीच्या जंतुसंसर्गाचे व्रण त्यावर असू शकतात.

या विषयात वारंवार उल्लेखला जाणारा एक अभ्यास डेन्मार्कमधील आहे. एमामियन आणि सहकाऱ्यांनी ६६५ प्रौढ स्वयंसेवकांची सोनोग्राफी करून १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत डाव्या मूत्रपिंडाची मध्यक लांबी ११.२ सेंटीमीटर आणि उजव्याची १०.९ सेंटीमीटर आढळली. घनफळ डाव्याचे १४६ घन सेंटीमीटर, उजव्याचे १३४. मूत्रपिंडाच्या घनफळाचा सर्वांत जवळचा संबंध शरीराच्या एकूण पृष्ठफळाशी, म्हणजे अंगावरील त्वचेच्या क्षेत्रफळाशी, दिसून आला. वयाबरोबर आकार घटतो आणि ती घट जवळजवळ सगळी मूत्रपिंडाच्या कामाच्या गराची असते, हेही त्यांनी नोंदवले. आपल्याकडील अनेक अहवाल ज्या ‘नॉर्मल’ मर्यादांशी ताडून पाहिले जातात, त्या अशाच उंचपुऱ्या पाश्चात्त्य समाजांतील मोजणीवरून आलेल्या आहेत. भारतीय प्रौढांवर झालेल्या पाहण्यांत सरासरी लांबी दहा सेंटीमीटरच्या आत भरल्याचे दाखले आहेत, आणि भारतीयांसाठी स्वतंत्र प्रमाणसारणी हवी ही मागणी २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मधील एका लेखाने शीर्षकातच मांडली होती.

त्वचेच्या क्षेत्रफळाचे गणित

माणसाच्या अंगाचे पृष्ठफळ मोजणार कसे? १९१६ साली अमेरिकेत ड्युबॉय आडनावाच्या दोघा संशोधकांनी माणसांच्या अंगावर कागदाचे साचे चिकटवून, ते कापून, पसरून क्षेत्रफळ मोजले आणि उंची व वजनावरून पृष्ठफळ काढण्याचे सूत्र बसवले. हे सूत्र जगभर पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. त्याचा पाया होता अवघ्या नऊ माणसांची मोजमापे. १९८७ साली मोस्टेलर यांनी त्याहून सोपे सूत्र सुचवले, ते साध्या गणकयंत्रावरही जमते: सेंटीमीटरमधील उंचीला किलोग्रॅममधील वजनाने गुणावे, ३६०० ने भागावे आणि वर्गमूळ काढावे.

वर उल्लेखिलेल्या १४८ सेंटीमीटर उंचीच्या आणि ४५ किलो वजनाच्या बाईंचे पृष्ठफळ या सूत्राने १.३६ चौरस मीटर येते. १७८ सेंटीमीटर उंचीच्या, ८० किलो वजनाच्या पुरुषाचे येते १.९९. मूत्रपिंडाचे घनफळ पृष्ठफळाच्या प्रमाणात असते असे धरले, तर बाईंच्या मूत्रपिंडाचे घनफळ त्या पुरुषाच्या साधारण दोन-तृतीयांश असायला हवे. येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. घनफळ तीन दिशांच्या मापांचा गुणाकार असल्यामुळे ते दोन-तृतीयांश झाले तरी लांबी तेवढ्या प्रमाणात घटत नाही. आकार तोच राहिला तर ती सुमारे बारा टक्के घटते. त्या पुरुषाचे मूत्रपिंड ११.२ सेंटीमीटरचे असेल, तर बाईंचे ९.९ सेंटीमीटरचे अपेक्षित. त्यात वयाची आणि मोजणीतील फरकाची वजावट केली, की ९.४ हा आकडा भिववण्यासारखा उरत नाही.

याच हिशोबाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. लांबीतील लहानशी घट घनफळातील मोठी घट झाकून ठेवते. अहवालात केवळ लांबी दिलेली असेल, तर एक सेंटीमीटरचा फरक वाचकाला किरकोळ वाटतो. आत मात्र गराचा पाव-तृतीयांश भाग गेलेला असू शकतो.

पृष्ठफळाचा हा धागा रक्ततपासणीच्या अहवालापर्यंत पोहोचलेला आहे. क्रिएटिनिनच्या खाली ‘ईजीएफआर’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, त्याच्यापुढे ‘मिलिलिटर प्रतिमिनिट प्रति १.७३ चौरस मीटर’ असे लिहिलेले असते. हे १.७३ कोठून आले? १९२०च्या दशकात थॉमस ॲडिस आणि सहकाऱ्यांनी सशांवरील प्रयोगांतून मूत्रपिंडाचे आकारमान, त्याचे काम आणि शरीराचे आकारमान यांचा मेळ शोधला होता. त्यानंतर १९२८ साली मॅकिन्टॉश, मोलर आणि व्हॅन स्लाइक यांनी सर्व माणसांचे आकडे एकाच मापावर आणण्यासाठी त्या काळच्या पंचविशीतील अमेरिकनांचे सरासरी पृष्ठफळ घेतले, ते १.७३ चौरस मीटर. शंभर वर्षे होत आली, माणसांची वजने बदलली, देश बदलले. आकडा तोच राहिला. आपल्या १.३६ चौरस मीटरच्या बाईंचा ‘ईजीएफआर’ ६० छापून आला असेल, तर त्यांची मूत्रपिंडे प्रत्यक्षात मिनिटाला सुमारे ४७ मिलिलिटर रक्तद्रव गाळत असतात. रोगाची पायरी ठरवताना ६० हाच आकडा धरायचा असतो, कारण लहान शरीराला काम थोडेच असते. परंतु मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या जहाल औषधाची मात्रा ठरवताना हा फरक महत्त्वाचा ठरतो, आणि अतिशय लहान वा अतिशय मोठ्या चणीच्या रुग्णांत तो ध्यानात घ्यावा असे तज्ज्ञ सांगतात.

अंदाज कोठे फसतो

उंची आणि वजन यांवरून बांधलेला अंदाज सरासरीसाठी चांगला, व्यक्तीसाठी अर्धाकच्चा. पहिली अडचण वजनाचीच आहे. काट्यावर चढलेल्या माणसाचे वजन म्हणजे स्नायू, हाडे, अवयव, पाणी आणि चरबी यांची बेरीज. पायांवर सूज आणि पोटात पाणी असलेल्या रुग्णाचे वजन फुगलेले असते, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत सूज हेच तर नेहमीचे लक्षण. स्थूल माणसाचे सूत्राने येणारे पृष्ठफळ मोठे असते, पण त्याचे मूत्रपिंड चरबीच्या प्रमाणात वाढत नाही. वयोवृद्धांची उंची पाठीच्या बाकामुळे घटते; तरुणपणी जी उंची होती तिला साजेसे मूत्रपिंड आत असते, फूटपट्टी मात्र आजची उंची दाखवते. पाय गमावलेल्या माणसाला तर ही सूत्रे लागूच पडत नाहीत. गरोदरपणात मूत्रपिंड सुमारे एक ते दीड सेंटीमीटरने लांबते आणि बाळंतपणानंतर पूर्ववत होते. जन्मत: किंवा शस्त्रक्रियेनंतर एकच मूत्रपिंड उरलेल्या व्यक्तीत ते वाढून मोठे होते, अशा माणसाच्या अहवालात १२.५ सेंटीमीटर हा आकडा स्वस्थपणाची खूण मानावी लागते.

भारतीय शरीराबद्दलचा एक महत्त्वाचा निष्कर्ष पुण्यातून आलेला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या माता-पोषण अभ्यासाने पुणे परिसरातील ग्रामीण नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांशी केली आणि २००३ साली आपले निष्कर्ष मांडले. येथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तेथील ३.५ किलो. हे बाळ सर्वच बाबतींत सारखे लहान नव्हते. स्नायू आणि पोटातील अवयव यांची वाढ खुंटलेली, चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली, असे चित्र त्यांना दिसले. ‘कृश तरीही मेदयुक्त’ असे त्या बाळाचे वर्णन झाले. मूत्रपिंडातील गाळण्यांची, म्हणजे नेफ्रॉनची, संख्या जन्माच्या वेळी कायम झालेली असते. नंतर नव्या गाळण्या तयार होत नाहीत. एका मूत्रपिंडात दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत, इतका हा फरक माणसामाणसांत आढळतो, आणि कमी वजनाने जन्मलेल्यांत ही संख्या कमी असण्याची शक्यता अधिक. मोठेपणी वजन ७० किलोवर गेले, पृष्ठफळ १.८ झाले, तरी आतील मूत्रपिंड अडीच किलोच्या बाळाच्या भांडवलावर सुरू झालेले असते. सूत्राला हे कळण्याचा मार्ग नाही. त्याला फक्त आजची उंची आणि आजचे वजन दिसते.

शरीराचेच माप वापरण्याची आणखी एक जुनी युक्ती क्ष-किरणांच्या काळातील आहे, आणि ती मला या सर्व सूत्रांहून अधिक चतुर वाटते. शिरेतून औषध देऊन मूत्रमार्गाचे क्ष-किरण छायाचित्र काढण्याची पद्धत सोनोग्राफी सर्वत्र पोहोचण्यापूर्वी रूढ होती. क्ष-किरण एका बिंदूतून पसरत जातात, त्यामुळे फिल्मवरील सावली मूळ अवयवापेक्षा मोठी पडते. शिवाय औषधामुळे मूत्रपिंड थोडे फुगते. म्हणून त्या काळच्या पुस्तकांत मूत्रपिंडाची लांबी आजच्या सोनोग्राफीपेक्षा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर अधिक दिसते. यावर तोडगा म्हणून डॉक्टर सेंटीमीटर बाजूला ठेवून त्याच फिल्मवरील कमरेच्या मणक्यांशी तुलना करीत. निरोगी मूत्रपिंड साधारण साडेतीन मणक्यांएवढे लांब भरते. मणका आणि मूत्रपिंड एकाच फिल्मवर जवळपास सारखेच मोठे झालेले असतात, त्यामुळे गुणोत्तर फारसे बिघडत नाही. शिवाय मणका त्याच माणसाचा असतो: चरबीने तो फुगत नाही, सुजेने वाढत नाही.

यंत्रही माणसाच्याच हातात

सोनोग्राफीला किरणोत्सर्ग नाही, खर्च कमी आणि तालुक्याच्या गावीही ती मिळते. मूत्रपिंडाचे माप घेण्याचे पहिले साधन म्हणून तिची जागा पक्की आहे. पण तिचा आकडा म्हणजे पट्टी लावून घेतलेले माप नव्हे. मूत्रपिंड पाठीच्या कण्याला समांतर नसून तिरके बसलेले असते. वरची टोके कण्याकडे झुकलेली, खालची बाहेर. श्वासाबरोबर ते वर-खाली सरकते. वरच्या टोकावर बरगडीची सावली पडते, डाव्या बाजूस आतड्यातील हवा आड येते. तपासणाऱ्याने प्रोब किंचित वाकडा धरला, तर छेद तिरका जातो आणि लांबी खरीपेक्षा कमी भरते. काकडी तिरकी चिरताना चकती लांबट होते, येथे उलट घडते: मूळचाच सर्वांत लांब छेद सापडायला हवा, तो हुकला की प्रत्येक वेळी आकडा कमीच येतो. म्हणून अनुभवी सोनोलॉजिस्ट दोन-तीनदा मोजून सर्वांत मोठे माप घेतात. एकाच माणसाची दोघा डॉक्टरांनी एकाच दिवशी सोनोग्राफी केली, तरी अर्धा ते एक सेंटीमीटरचा फरक येणे नवलाचे नाही.

घनफळ काढताना या चुका एकमेकींत गुणल्या जातात. मूत्रपिंड लंबगोल आहे असे मानून लांबी, रुंदी आणि जाडी यांच्या गुणाकाराला ०.५२३ ने गुणायचे, ही रूढ पद्धत. १० × ५ × ४ सेंटीमीटरचे मूत्रपिंड या हिशोबाने सुमारे १०५ मिलिलिटरचे होते. तिन्ही मापांत अर्ध्या सेंटीमीटरची चूक झाली आणि ती ९.५ × ४.५ × ३.५ अशी नोंदली गेली, तर उत्तर येते ७८. म्हणजे पाव मूत्रपिंड कागदावर नाहीसे झाले! त्यात मूत्रपिंड हा खरा लंबगोल नाहीच. १९९९ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या बॅकर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, सोनोग्राफीवर हे सूत्र लावून काढलेले घनफळ खऱ्या घनफळापेक्षा साधारण एक-चतुर्थांशाने कमी भरते, तर एमआरआयमध्ये एकेका छेदातील क्षेत्रफळ मोजून केलेली बेरीज खऱ्याच्या अगदी जवळ जाते, असे दिसून आले.

सीटी आणि एमआरआय यांचे सामर्थ्य या बेरजेत आहे. पाव कापावा तसे मूत्रपिंडाचे पातळ छेद प्रतिमेत मिळतात. प्रत्येक छेदावर कडेने रेघ ओढून क्षेत्रफळ काढायचे, छेदाच्या जाडीने गुणायचे आणि सगळे मिळवायचे. आकार वाकडातिकडा असला, गाठी असल्या तरी बिघडत नाही. पूर्वी हे काम हाताने करताना एका रुग्णामागे बराच वेळ जाई. आता संगणकाच्या प्रणाली कडा आपोआप ओळखतात. सीटीमध्ये किरणोत्सर्ग आहे आणि एमआरआय खर्चिक आहे, म्हणून केवळ मूत्रपिंडाचे माप हवे एवढ्यासाठी कोणी ती करीत नाही. जेथे आकड्यावर मोठा निर्णय अवलंबून असतो तेथेच ती लागते.

असा एक निर्णय मूत्रपिंडदानाचा. दात्याच्या दोन्ही मूत्रपिंडांचे घनफळ सीटीवर मोजून त्यांतील सरस मूत्रपिंड दात्याकडेच ठेवायचे, हा सर्वमान्य नियम आहे. घेणाऱ्याच्या बाजूने प्रश्न वेगळा असतो. ठेंगण्या आईचे मूत्रपिंड धिप्पाड मुलाला बसवले, तर लहान अवयवावर मोठ्या शरीराचा भार पडतो आणि दीर्घ काळात तो थकण्याचा धोका वाढतो. घरात दुसरा दाता नसेल तर डॉक्टर तेही मूत्रपिंड घेतात, आणि डायलिसिसवर राहण्यापेक्षा ते बहुधा हितावहच ठरते. पण वजनांचा मेळ पाहिल्याशिवाय निर्णय होत नाही.

दुसरा निर्णय वंशपरंपरेने येणाऱ्या बहुपुटी मूत्रपिंड विकारातील. या विकारात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जातात आणि त्याचे घनफळ अनेक पटींनी फुगते. रक्तातील क्रिएटिनिन वर्षानुवर्षे सामान्य राहते, तोवर घनफळ हीच रोगाच्या वेगाची खूण असते. येथे प्रतिमेने मोजलेले घनफळ आणि अंगमाप यांची थेट सांगड घातली जाते: दोन्ही मूत्रपिंडांच्या एकूण घनफळाला मीटरमधील उंचीने भागतात. अमेरिकेतील ‘क्रिस्प’ या दीर्घकालीन अभ्यासात मीटरमागे ६०० मिलिलिटरच्या वर घनफळ असलेल्यांत पुढील आठ वर्षांत मूत्रपिंडाचे काम लक्षणीय घटण्याची शक्यता जास्त आढळली. एकूण घनफळ ९०० मिलिलिटर असेल, तर १८० सेंटीमीटर उंचीच्या रुग्णाचा आकडा ५०० येतो आणि १५० सेंटीमीटर उंचीच्या रुग्णाचा नेमका ६००. प्रतिमा सारखी, रेषेची बाजू वेगळी. २०१५ साली मेयो क्लिनिकने याच भागाकाराला वयाची जोड देऊन रुग्णांचे पाच वर्ग पाडले. रोगाची गती मंदावणारे टॉल्वॅप्टन हे औषध कोणाला द्यावे, हे ठरवताना या वर्गांचा आधार घेतात.

मुलांच्या बाबतीत मूत्रपिंडाची लांबी दरवर्षी बदलते, म्हणून तेथे तक्ता लागतोच. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या रोझेनबॉम यांच्या सूत्रानुसार एक वर्षावरील मुलाची अपेक्षित लांबी काढण्यासाठी वयाच्या वर्षांना ०.२२ ने गुणून ६.७९ मिळवायचे, सहा वर्षांच्या मुलाला ८.१ सेंटीमीटर. पण कुपोषणाने किंवा आजाराने उंची खुंटलेल्या मुलाला वयाचा तक्ता लावला, तर निरोगी मूत्रपिंडही लहान ठरते. अशा वेळी उंचीचा तक्ता लावणे योग्य. वारंवार मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होणाऱ्या मुलांत तर एका मापापेक्षा वाढीची रेषा पाहायची असते: मूल वाढते आहे आणि एका बाजूचे मूत्रपिंड वाढत नाही, हे दिसले की पुढील तपासण्या तातडीने कराव्या लागतात.

गोव्याच्या संदर्भात

आपल्या राज्यात हा विषय दोन परस्परविरुद्ध कारणांनी महत्त्वाचा आहे. काणकोण तालुक्यात, मधुमेह किंवा दीर्घकाळचा रक्तदाब यांसारखे ओळखीचे कारण न सापडणारा मूत्रपिंडविकार आढळत असल्याची नोंद अभ्यासकांनी केलेली आहे. बिट्स पिलानीच्या गोवा केंद्रातील संशोधकांनी तेथील पाण्यातील सिलिका आणि शिसे यांच्या संभाव्य भूमिकेवरील अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग, आंध्र प्रदेशातील उद्दानम, मध्य अमेरिकेतील ऊस पिकवणारा पट्टा येथील विकारांशी त्याचे साम्य सांगितले जाते. अशा विकारात लघवीतून प्रथिने फारशी जात नाहीत, सुरुवातीला रक्तदाबही वाढत नाही. रुग्ण डॉक्टरांपुढे येतो तेव्हा सोनोग्राफीत आक्रसलेली मूत्रपिंडे दिसतात. तेव्हा शेतात राबणाऱ्या, लहान चणीच्या माणसाचे ९ सेंटीमीटरचे मूत्रपिंड निसर्गत:च तेवढे आहे, की रोगाने तेवढे झाले आहे, हा प्रश्न खराखुरा उभा राहतो. त्याच्या उत्तरावर पुढचे बरेच काही ठरते. आक्रसलेल्या, व्रण पडलेल्या मूत्रपिंडातून तपासणीसाठी तुकडा काढणे डॉक्टर सहसा टाळतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि हाती येणारी माहिती थोडी असते. मुळातच लहान असलेल्या निरोगी मूत्रपिंडाला आक्रसलेले ठरवले, तर उपचार करता येण्यासारखा रोग निदानाविना राहू शकतो.

अशा वेळी लांबीपेक्षा इतर खुणा अधिक बोलतात. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराची जाडी किती उरली आहे, सोनोग्राफीत ते यकृतापेक्षा अधिक पांढुरके दिसते का, आणि बाहेरचा व आतला थर वेगवेगळे ओळखता येतात का, या त्या खुणा. अहवालातील ‘कॉर्टिकोमेड्युलरी डिफरन्शिएशन मेंटेन्ड’ या लांबलचक शब्दप्रयोगाचा अर्थ एवढाच की दोन थरांतील सीमा शाबूत आहे. ९.१ सेंटीमीटरशेजारी हे शब्द असतील आणि क्रिएटिनिन ठीक असेल, तर माणूस लहान आहे म्हणून मूत्रपिंड लहान आहे, असे समजण्यास पुष्कळ जागा आहे.

दुसरे कारण मधुमेहाचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के, आढळले. मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या साखरेमुळे गाळण्यांवर ताण येतो आणि मूत्रपिंड आकाराने वाढते. पुढे काम घटत जाते तेव्हाही ते बराच काळ सामान्य लांबीचेच दिसते. दीर्घकालीन विकारात मूत्रपिंड आक्रसते, या सर्वसाधारण नियमाला मधुमेह हा मोठा अपवाद आहे. अमायलॉइडोसिस आणि बहुपुटी विकार हे आणखी दोन. म्हणून मधुमेही माणसाच्या अहवालातील ‘साइझ नॉर्मल’ या शब्दांनी नि:शंक होऊ नये. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन या दोन तपासण्या सोनोग्राफीहून स्वस्त आहेत आणि मधुमेहात नुकसानीची वर्दी तिच्या कितीतरी आधी देतात.

सोनोग्राफीला जाताना आपली उंची आणि वजन ठाऊक असावे आणि ते तपासणाऱ्याला सांगावे. गरोदरपण, पूर्वी झालेली मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया, लहानपणचा मूत्रमार्गाचा आजार यांचीही कल्पना द्यावी. जुने अहवाल सोबत न्यावेत, कारण कोणत्याही सूत्राने काढलेल्या अपेक्षेपेक्षा त्याच माणसाचे पाच वर्षांपूर्वीचे मूत्रपिंड ही अधिक भरवशाची तुलना आहे. पुन्हा तपासणी करायची झाल्यास शक्यतो त्याच केंद्रात करावी. ९.४ सेंटीमीटरवरून ९.१ वर आलेला आकडा मोजणाऱ्या हाताचा फरक असू शकतो, ९.४ वरून ८ वर आला असेल, तर तो अहवाल घेऊन मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जाण्यास आठवडाही लावू नये.